स्टुडिओतला काळा कोट

येसाजी कंकाची गोष्ट आमच्या घरात दोन तऱ्हांनी सांगितली जायची.

आबांच्या गोष्टीत हत्ती मोठा. १६७७ साली शिवाजी महाराज भागानगरला कुतुबशहाच्या भेटीला गेले. घोडदळ पाहिलं, पायदळ पाहिलं, तुमचे हत्ती कुठे दिसले नाहीत, असं शहाने विचारलं. महाराज म्हणाले, आमचा एकेक मावळा हत्तीला भारी आहे, हवा तो निवडा. शहाने रांगेवरून नजर फिरवली आणि मुद्दामच एका किडकिडीत माणसाकडे बोट केलं. तो निघाला भोरकडच्या भुतोंड्याचा येसाजी कंक. पुढे मैदान, मस्तवाल हत्ती, सोंडेवर बसलेला घाव आणि आबांनी स्वतःच्याच मांडीवर मारलेली थाप. ही झुंज कागदांपेक्षा लोकांच्या तोंडीच जास्त राहिली. राहणारच. मावळात अंगाने भरलेला माणूस मुळात कमी. किडकिडीत माणसाने हत्ती लोळवला ही गोष्ट इथे पिढ्यान्‌पिढ्या कोणाला आवडणार नाही?

आजीची गोष्ट हत्तीपर्यंत पोचायचीच नाही. ती भागानगरच्या वेशीवर थांबायची. शहरात शिरण्याआधी महाराजांनी सगळ्या फौजेला नटवलं, नावाजलेल्या लोकांना मोत्यांचे तुरे आणि सोन्याची कडी दिली, नवे पोशाख दिले. हे तिने कुठल्याशा कीर्तनात ऐकलं होतं. आबा हत्तीकडे निघाले की ती भाकरी थापता थापता अडवायची, "आन् ह्ये बी सांगा, त्या कापडाचं पैसं कुनी दिलं?"

"म्हाराजांनी."

"मंग!"

त्या "मंग" मध्ये तिचं सगळं आयुष्य होतं, पण ते मला फार उशिरा कळलं. कीर्तनकाराने मात्र मनचं सांगितलं नव्हतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत बसून कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली, तिच्यात भागानगरच्या वेशीवरचा हा थाट आहे.

एरवी मावळ्याचा थाट काय होता? ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात त्याने तो टिपून ठेवला आहे. मांडीच्या निम्म्यापर्यंत येणारा आखूड चोळणा, कमरेला घट्ट आवळलेला लांब पट्टा, डोक्याला मुंडासं, कधीमधी अंगात बंडी. कमरेला गुंडाळलेलं कापडच थंडीत अंगावर घ्यायचं. हत्यार ज्याचं त्याने आणायचं, दारूगोळा सरकारचा. हे सगळ्यांचंच असं, त्यामुळे कपड्यांवरून माणूस निवडायची सोयच नव्हती. मग निवड कशी व्हायची? डफ सांगतो की चाकरीला आलेल्या माणसाला महाराज स्वतः पाहून घेत, आणि आधीपासून चाकरीत असलेल्या कोणाचा तरी जामीन घेत. हा माणूस इमानी आहे, चालीचा चांगला आहे, असं ओळखीच्याने पत्करायचं. डोळ्यांनी पाहायचं, पण डोळ्यांवर सगळा भरवसा टाकायचा नाही, अशी ती रीत.

ही रीत मावळाच्या अंगवळणी पडली, कारण मावळाला घर सोडून चाकरीला जाणं कधी चुकलंच नाही. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, तिन्हीकडे पाऊस छप्पर उडवील एवढा आणि पीक एकच, भाताचं. सुगी आटोपली की मृगापर्यंत हाताला काम नाही. मग माणूस खाली कोकणात उतरायचा, मुंबईला जायचा, नाहीतर घाटात जे काम निघेल त्यावर जायचा.

घाटात पहिलं मोठं काम निघालं ते रेल्वेचं. बोरघाटाची चढण १८५६ मध्ये हाती घेतली आणि १८६३ मध्ये तिच्यावरून गाडी धावली. पंचवीस बोगदे. १८६१ च्या जानेवारीत घाटात ४२ हजारांवर माणसं राबत होती. आबांच्या आजोबांचं नाव त्यांत धरायचं की नाही याबद्दल घरात एकमत नव्हतं, पण एक गोष्ट सगळे सांगायचे. मुकादम तोंडाकडे बघायचा नाही, तळहात बघायचा. घट्टे असले की पुढे, नसले की मागे. म्हणून म्हणे ज्याचे हात मऊ होते असा एक गुरव रात्रभर खडबडीत दगडावर तळवे घासत बसला आणि दुसऱ्या दिवशी कामावर लागला. खरंखोटं देवाला ठाऊक. पण निवडणारा काय बघतो हे आधी हेरायचं आणि तेवढंच तयार करून न्यायचं, ही विद्या आमच्याकडे रेल्वेइतकी जुनी आहे एवढं त्यावरून दिसतं. पुढे टाटांची धरणं आली. १९११ मध्ये लोणावळ्यात गव्हर्नर सिडनहॅमच्या हस्ते कोनशिला बसली, वळवण-शिरवत्याला पाणी अडलं आणि १९१५ मध्ये खोपोलीत वीज झाली. तिथल्या मुकादमाच्या गोष्टीही तळहाताच्याच.

लोणावळ्याच्या रेल्वे वस्तीत मात्र तळहाताचं काम नव्हतं. आबा तिथे खलाशी होते. इंजिन पुसायचं, राख काढायची, घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटायला जोड इंजिन लागतं त्याची उस्तवार करायची. ते सांगायचे, कोळसा टाकणारा आपला, ब्रेक खाली-वर करणारा आपला, आणि मेलगाडीच्या हँडलवर बसणारा टोपीवाला. गोरा नाहीतर अँग्लो-इंडियन. हे काही नुसतं साहेबाच्या मर्जीवर चाललेलं नव्हतं. रेल्वे, कस्टम आणि तार-टपाल खात्यांत अँग्लो-इंडियनांचा वाटा इतका पक्का होता की स्वतंत्र भारताच्या घटनेला त्याच्यासाठी ३३६ वं कलम घालावं लागलं. पहिली दोन वर्षं पूर्वीसारखं, पुढे दर दोन वर्षांनी दहा टक्के कमी, आणि दहा वर्षांनी बंद. आबांना कलम माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की त्यांच्या देखत हँडलवरचा चेहरा बदलला. "आधी कातडी बघायचे, मंग डोळं बघाय लागले," असं ते म्हणायचे. ड्रायव्हरला लाल-हिरवा ओळखता आला पाहिजे, म्हणून डोळ्यांची तपासणी कडक. आबा तिच्यात उतरले नाहीत आणि खलाशीच राहिले. पण त्या तपासणीबद्दल त्यांनी कधी वाकडा शब्द काढला नाही. डोळे गाडीला लागतात, कातडी लागत नाही, इतका साधा तो हिशेब होता.

पलटणीचा हिशेब इतका साधा नव्हता. तिथे फीत घेऊन छाती मोजत. फुगवून किती, न फुगवता किती. छाती भरणं हा वाक्प्रचार आमच्याकडे भरतीच्या मैदानावरूनच घरात आला असावा, असं मला उगाच वाटतं. पण फितीच्या आधी जातीचा रकाना होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी लढाऊ आणि बिनलढाऊ अशा जाती ठरवून टाकल्या, आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीच्या पलटणींत नोकऱ्या केल्या, ज्यांची नावं कोरेगावच्या खांबावर कोरली आहेत, त्यांची पोरं छाती भरत असूनही परत फिरली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९०८ मध्ये मेजर बेथमने मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावर भरतीवाल्या अधिकाऱ्यांसाठी पुस्तकच काढलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी झाली, १९२१ मध्ये मोडली, आणि महार रेजिमेंट व्हायला १९४१ साल उजाडावं लागलं.

इथे जामिनाची रीतही उघडी पडते. जामीन राहायला आत आपलं कोणीतरी असावं लागतं. ज्याचं आत कोणीच नाही, किंवा होतं त्याला बाहेर काढलेलं आहे, त्याने कोणाकडे जायचं? आमचे म्हातारे जामिनाची थोरवी सांगायचे तेव्हा गावकुसाबाहेरच्या म्हाताऱ्यांना कोणी विचारलेलं नसायचं.

आमच्या तात्यांचं मुंबईत बस्तान बसलं ते याच जामिनावर. तात्या डबेवाले. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा सुरू केला, तेव्हापासून त्यात मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरची माणसं. नवा माणूस घ्यायचा तो गावचा, नात्यातला, कोणीतरी पत्करलेला. अर्ज नाही, मुलाखत नाही. "कोनाचा रं तू?" एवढा एकच प्रश्न, आणि उत्तरात बापाचं नाव आणि गाव. तात्यांना विचारणारा आमच्या आत्याच्या दिरांपैकी होता. त्याच काळात गावचे दुसरे लोक गिरणीच्या दारात उभे राहायचे. तिथे जॉबर रोज सकाळी तोंडं बघून बदली कामगार उचलायचा. कोणाचं तोंड आवडेल ते त्या दिवशीच्या चहापाण्यावर ठरायचं. ते थांबवायला १९३५ मध्ये बदलीवाल्यांना कार्डं देण्याची योजना आली.

डबेवाल्यांत माणूस रूपावर घेत नसत, पण घेतल्यावर रूप ठरलेलं असायचं. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, डोक्यावर पांढरी टोपी. टोपी नसली की दंड. तात्या उघड्या डोक्याने फक्त झोपायचे. २००३ मध्ये इंग्लंडचे राजपुत्र चार्ल्स डबेवाल्यांना भेटले तेव्हा फोटोत याच टोप्या होत्या. गिऱ्हाईक डबेवाल्याचं तोंड ओळखत नाही, टोपी ओळखतं. गर्दीत वाट मिळते तीही टोपीला. तो नेम लोकांनी आपणहून बांधून घेतलेला होता आणि तो सगळ्यांना सारखाच लागू होता. मला वाटतं, गणवेशाची सगळ्यात सरळ बाजू हीच. गणवेश घातला की कोणाच्या घरी किती कपडे आहेत हे कळत नाही.

आता आजीचा "मंग".

आबांच्या पगारात भागेना तेव्हा आजी खंडाळ्याच्या बंगल्यांत कामाला जायला लागली. मे महिन्यात मुंबईचे मालक यायचे आणि बाई ठेवायच्या आधी व्हरांड्यात उभी करून बघायचे. नखं दाखव. केस बघू. आणि मग, दात दाखव. आजीचे दात मिश्रीने काळे. कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही हातांवर गोंदण. एका बंगल्यात तिला तोंडावर सांगितलं, पोरं घाबरतील, मागच्या अंगणात भांडी घास, आत येऊ नको. तिने मिश्री सोडली, राखेने दात घासून घासून हिरड्यांतून रक्त काढलं. गोंदण कुठे घासणार? ते लग्नाच्या आधी तिच्या आईने हौसेने काढून घेतलेलं. मेल्यावर एवढाच दागिना बरोबर येतो, असं म्हणत. मग तिने बाजारातून एक पांढरं स्वच्छ लुगडं घेतलं, फक्त काम मागायला जायचं म्हणून. त्याचे पैसे फिटेपर्यंत पावसाळा लागला आणि मालक मुंबईला गेले. "म्हाराजांनी कापड दिलं" हे तिला एवढं का महत्त्वाचं होतं, ते हे.

गोंदणाची गोष्ट तिथेच संपली नाही. लोणावळ्याला नौदलाचं आयएनएस शिवाजी १९४५ पासून आहे. पोरं लहानपणापासून त्या फाटकावरून जातात आणि भरतीची स्वप्नं बघतात. तीच पोरं मोठी झाली की छातीवर नाहीतर दंडावर राजमुद्रा काढून घेतात. नौदलाच्या भरतीचा नियम असा की कायमचं गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंज्याच्या मागच्या बाजूला चालतं, बाकी अंगावर नाही. आदिवासींना त्यांच्या रीतीप्रमाणे सूट. म्हणजे महाराजांच्या नावाच्या संस्थेत जायचं तर छातीवरचे महाराज पुसून जायचं. काही पोरं लेझरने पुसून घेतात, त्याचे पैसे बापाने भात विकून द्यायचे.

माझं स्वतःचं आयुष्य एका सरकारी कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर गेलं. नवा माणूस लागला की त्याचं सेवापुस्तक उघडायचं. पहिल्याच पानावर रकाने: उंची, आणि ओळखीच्या खुणा. उजव्या गालावर तीळ. डाव्या भुवईवर जुना व्रण. जुन्या पुस्तकांत चेहऱ्यावर देवीचे व्रण असं किती वेळा वाचलं आहे. गंमत अशी की तिथे व्रण हवाच असायचा. ज्याच्या अंगावर काहीच नाही तो गोंधळून बाह्या वर करकरून शोधायचा. खूण सापडली की चेहरा खुलायचा. जिथे नोकरी आधी मिळाली आणि चेहरा नंतर पाहिला, तिथे व्रणाला कोणी भीत नाही हे मी त्या टेबलावर पाहिलं.

त्या पुस्तकांतले आणि अर्जांवरचे फोटो लावून ठेवताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. एका पट्ट्यातल्या सगळ्या उमेदवारांच्या अंगात तोच काळा कोट. बाजारातल्या फोटो स्टुडिओत तो खिळ्याला टांगलेला असायचा. शेजारी आरसा, दात तुटलेली फणी, पावडरचा डबा आणि इलॅस्टिकचा टाय. कोटाला पाठीमागून क्लिपा लावायच्या, म्हणजे बारक्या पोराच्या अंगात पण चपखल दिसायचा. समोरून साहेब, मागून धुण्याच्या दोरीवरचे कपडे. बाह्यांच्या कडा कित्येकांच्या घामाने चमकायच्या. फोटोग्राफर हनुवटी दोन बोटांनी वर करायचा आणि म्हणायचा, "नोकरीला चाललाय ना? मग हसू नको." तो कोट घालून आमच्या भागातली किती पोरं तलाठी झाली, कंडक्टर झाली, मास्तर झाली, आणि किती घरी बसली. कोट सगळ्यांना सारखाच होता. निवडणाऱ्याला त्यातून काहीही कळत नव्हतं, तरी फोटो कोटातच हवा असायचा. स्टुडिओवाला त्याचे वेगळे पैसे घेत नसे, हे मात्र सांगितलं पाहिजे.

माझी भाची लोणावळ्यात हॉटेलात नोकरी शोधत होती. जाहिरातीत "आकर्षक व्यक्तिमत्त्व" हवं होतं. तिचं इंग्रजी चांगलं, हिशेब चोख, दोन दात पुढे. एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वागत कक्षाऐवजी मागे कपड्यांच्या खोलीत जागा आहे, असं सांगितलं. काळी पँट आणि बूट मात्र तिथेही तिनेच आणायचे. आजी असती तर काय म्हणाली असती ते घरात सगळ्यांना एकदमच सुचलं.

कायदा यात कुठे आहे? घटनेच्या १६ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि राहण्याचं ठिकाण यांवरून सरकारी नोकरीत भेद करायचा नाही, असं आहे. रूप त्या यादीत नाही, आणि खाजगी हॉटेलाला ते कलम लागतही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एक पाऊल पुढे टाकलं. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांत कुष्ठरोगातून बरे झालेले, बुटके आणि ॲसिडहल्ल्यात चेहरा गमावलेले लोकही आले. फ्रान्सने २००१ मध्येच कामगार कायद्यात बाह्य रूपावरून भेद करायला सरळ मनाई केली. आपल्याकडे दोन दात पुढे असलेल्या मुलीने कोणत्या कलमाखाली दाद मागावी?

पण कायद्यापेक्षाही मला दुसरी एक गोष्ट खुपते. महाराजही माणूस डोळ्यांनीच पाहून घेत होते. पण ज्याला पाहिलं त्याच्याबरोबर पुढे तेच लढाईत उतरणार होते. चुकीचा निवडला तर किंमत त्यांनाच पडणार होती. तळहात बघणारा मुकादमही संध्याकाळी त्याच माणसाकडून ब्रास मोजून घ्यायचा. आता पाहणारा एक, काम घेणारा दुसरा. भरती करून देणारी एजन्सी पुण्यात बसते, तिला त्या माणसाचं काम कधी दिसत नाही. मग ती जे दिसतं तेच बघते.

जिथे काम तिथल्या तिथे दाखवता येतं, तिथे अजूनही कोणी सदरा बघत नाही. तळेगाव एमआयडीसीत वेल्डर घ्यायचा असला की त्याच्यापुढे दोन पट्ट्या टाकतात आणि जोड म्हणतात. जोडलेला तुकडा वाकवून बघतात. सांधा धरला की माणूस धरला. आमच्या शेजारचा एक जण अर्ध्या पांढऱ्या दाढीनिशी असा लागला. त्याच्याबरोबर सुपरवायझरच्या जागेसाठी गेलेल्याने मात्र आदल्या रात्री केस काळे केले होते.

लावणीला बाई सांगतानाही असंच असतं. आषाढात चिखलात उतरलेल्या बाईचा हात कसा चालतो, रोपं सरळ पडतात की नाही, हे बांधावरच्या म्हातारीला दुपारच्या भाकरीपर्यंत कळतं. हॉटेलच्या टेबलावर, दुकानाच्या गल्ल्यावर, कचेरीच्या खिडकीतही ते तेवढ्याच वेळात कळेल. नखं, दात, गोंदण, काळा कोट यांतलं काहीही बघावं लागणार नाही. फक्त ती अर्ध्या दिवसाची मजुरी, नोकरी मिळो न मिळो, बघणाऱ्याने द्यायची. ती द्यायची नसते, म्हणून फोटो मागतात.